गावातून फोटो पाठवायचे कुठं? स्पर्धा आणि प्रदर्शनांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नाच्या ऑर्डरी, बारसं, तेरवी, शाळेचे ग्रुप फोटो यावर घर चालतं. उरलेल्या वेळात मी धानाच्या बांध्या (भाताची खाचरं), मामा म्हणजे माजी मालगुजारी तलाव आणि मंडईतली, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतली माणसं टिपत असतो. बारा-तेरा वर्षांपासून ते फोटो स्पर्धांना आणि प्रदर्शनांना पाठवतो. काही लागले, बरेच नाही लागले. दुकानात येणारी पोरंपोरी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथं एका जागी लिहून ठेवतो आहे. तुम्ही गडचिरोलीत असा की बुलढाण्यात, आपल्या बहुतेक अडचणी सारख्याच आहेत.

भाऊ, माझ्याकडे डीएसएलआर नाही. मोबाइलवरचे फोटो चालतात का?

चालतात. सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्स ही लंडनहून चालणारी मोठी स्पर्धा कुठल्याही उपकरणावर काढलेला फोटो घेते. स्मिथसोनियन या अमेरिकन मासिकाच्या स्पर्धेत काही वर्षं मोबाइलसाठी वेगळा विभागही होता. आयफोन असेल तर २००७ पासून चालू असलेली आयफोन फोटोग्राफी अवॉर्ड्स आहे, पण तिला फी पडते. मोबाइल अडतो तो दूरच्या पक्ष्याला आणि भिंतभर मोठ्या प्रिंटला. घराच्या ओसरीतला उजेड, चुलीपुढचा चेहरा, बाजारातली गर्दी यांना तो अजिबात कमी पडत नाही. फक्त चेहरा गुळगुळीत करणारा ब्यूटी मोड बंद ठेवा आणि फोटो पूर्ण रिझोल्यूशनवर काढा.

आणखी एक. फोटो मित्राला किंवा कॅफेवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून तिथून स्पर्धेला टाकू नका. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतो. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी सहा-सात जणांच्या फाइली याच एका कारणानं निकामी झालेल्या असतात.

माझे फोटो पाठवण्याच्या लायकीचे आहेत, हे कसं ओळखू?

स्टेटसवर किती जणांनी बदाम टाकले त्यावरून ओळखू नका. ते तुमच्यावर प्रेम करणारे लोक आहेत. आवडलेल्या वीस फोटोंचे चार बाय सहाचे साधे प्रिंट काढा आणि झोपता-उठता दिसतील असे भिंतीला लावा. रोज पाहून जो कंटाळवाणा वाटेल तो उतरवा. महिन्याभरानं चार-पाच उरतात. ते पाठवा. मी अजूनही हेच करतो.

स्पर्धा सापडतात कुठं? आमच्यापर्यंत तर बातमीच येत नाही.

बातमी वाट पाहून येत नाही, तिच्यामागं जावं लागतं. पण वर्षाचा अंदाज एकदा बसला की काम सोपं होतं.

जवळून सुरुवात करू. १९ ऑगस्ट हा जागतिक छायाचित्रण दिन. १८३९ मध्ये याच दिवशी पॅरिसमध्ये छायाचित्रणाची पद्धत जगापुढं जाहीर झाली. या दिवसाच्या आसपास जिल्ह्याच्या ठिकाणचे फोटोग्राफर संघ, कॉलेजं, वर्तमानपत्रं स्पर्धा घेतात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह असतो. तेव्हा वनविभागाची आणि निसर्गसंस्थांची पत्रकं निघतात. म्हणून जुलै संपताना जिल्हा माहिती कार्यालयात, वनविभागाच्या विभागीय कार्यालयात आणि जवळच्या कॉलेजात एक चक्कर मारा, तिथल्या माणसाला तुमचा नंबर देऊन ठेवा. फोनपेक्षा स्वतः जाणं बरं. तोंडओळख झाली की पुढच्या वर्षी तेच फोन करतात.

कॉलेजात असाल तर युवा महोत्सव सोडू नका. विद्यापीठांच्या युवा महोत्सवात ललित कला विभागात जागेवर फोटो काढण्याची स्पर्धा असते. विषय तिथंच मिळतो आणि वेळ ठरलेला असतो. आपल्याकडची नागपूर, अमरावती आणि गोंडवाना ही तिन्ही विद्यापीठं या महोत्सवांना संघ पाठवतात. गावच्या कॉलेजात या प्रकाराला नाव द्यायला बरेचदा कुणी पुढं येत नाही, त्यामुळे संधी मिळण्याची शक्यता चांगली असते.

त्यापुढं देश. माहिती व प्रसारण मंत्रालयाचे राष्ट्रीय छायाचित्रण पुरस्कार आहेत, त्यात व्यावसायिक आणि हौशी असे वेगळे विभाग असतात. दिल्लीची ललित कला अकादमी १९५४ साली स्थापन झाली. तिच्या राष्ट्रीय कला प्रदर्शनात चित्र आणि शिल्पाच्या जोडीनं छायाचित्रही घेतात. निसर्गासाठी सँक्च्युरी मासिकाचे पुरस्कार आणि बंगळूरूची नेचर इनफोकस ही स्पर्धा आहे. वृत्तपत्रासाठी काम करत असाल तर राज्य शासनाच्या पत्रकारिता पुरस्कारांत छायाचित्रकाराचा एक पुरस्कार आहे. तो केकी मूस यांच्या नावानं दिला जातो. मूसांबद्दल पुढं सांगतोच.

परदेशातल्या बऱ्याच मोठ्या स्पर्धा फुकट आहेत, हे ऐकून पोरांना आश्चर्य वाटतं. सोनीला फी नाही. दुबईच्या हमदान पुरस्काराला फी नाही आणि बक्षिसाची रक्कम जगातल्या सगळ्यात मोठ्या रकमांपैकी आहे. कॉमेडी वाइल्डलाइफ ही प्राण्यांच्या गमतीदार क्षणांची स्पर्धाही फुकट आहे. माकडं, बगळे, बेडूक आपल्याकडं काय कमी आहेत? वर्ल्ड प्रेस फोटो ही १९५५ पासूनची स्पर्धा फुकट असली तरी ती व्यावसायिक वृत्तछायाचित्रकारांसाठी आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर १९६५ पासून चालू आहे. तिला मोठ्यांना फी पडते, पण सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांना नाही.

या मोठ्या स्पर्धांपैकी बऱ्याच दिवाळी ते संक्रांत या काळात अर्ज घेतात. आपल्याकडं नेमका तेव्हाच धान कापणीचा, चुरण्याचा आणि लग्नांचा हंगाम असतो. म्हणून निवड पावसाळ्यातच करून ठेवा. कॅलेंडरच्या पानावर पेनानं तारखा लिहा, कारण मोबाइलचं रिमाइंडर लग्नाच्या धावपळीत कुणीही न वाचता पुसून टाकतं.

फी भरावी का? भरली तर किती?

पहिल्या दोन वर्षांत फुकटच्या स्पर्धाच भरपूर आहेत, त्या संपवा. फी भरायचीच तर स्वतःला तीन प्रश्न विचारा. परीक्षक कोण आहेत, त्यांची नावं जाहीर आहेत का? मागच्या वर्षीचे निकाल आणि फोटो अजून पाहायला मिळतात का? निवडलेल्या फोटोंचं प्रदर्शन किंवा पुस्तक खरोखर झालं का? तिन्हीची उत्तरं हो आली तर फीला अर्थ आहे. मी वर्षाला एक आकडा ठरवतो. एका लग्नाच्या अल्बममधून जेवढी कमाई होते त्याच्या दहाव्या हिश्शाच्या वर जात नाही.

फसवी स्पर्धा कशी ओळखायची?

मी स्वतः फसलो आहे, म्हणून सविस्तर सांगतो. काही वर्षांपूर्वी फेसबुकवर एका राष्ट्रीय स्पर्धेची जाहिरात पाहून मी ९०० रुपये भरले. महिन्यानं मेल आला: अभिनंदन, तुम्हाला रौप्यपदक. घरी पेढे वाटले. मग दुसरा मेल आला, की पदक, प्रमाणपत्र आणि कुरिअरचे २५०० रुपये पाठवा. तेही पाठवले. पदक आलं नाही, नंतर नंबरही लागेना. मग त्यांचं जुनं पान उघडून पाहिलं तर शेकडो लोकांना रौप्यपदक मिळालेलं.

तेव्हापासून माझा नियम साधा आहे. बक्षीस देणारा बक्षिसासाठी पैसे मागत नाही. जिंकल्यावर पैसे मागितले की तिथंच थांबायचं. लाइक्सवर निकाल लावणाऱ्या स्पर्धाही मी सोडून देतो, कारण तिथं फोटोपेक्षा ओळखी मोजल्या जातात.

सलॉन म्हणजे काय? लोक नावापुढं एएफआयएपी लिहितात, ते कसं मिळतं?

सलॉन म्हणजे छायाचित्र संस्थांनी भरवलेलं स्पर्धात्मक प्रदर्शन. भारतात १९५३ साली स्थापन झालेली फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी आहे. ती एफआयएपी या आंतरराष्ट्रीय संघटनेशी जोडलेली आहे. अमेरिकेची फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका १९३४ पासूनची. या संस्थांची मान्यता असलेल्या सलॉनमध्ये रंगीत, कृष्णधवल, निसर्ग, प्रवास, वृत्तछायाचित्र असे विभाग असतात. परीक्षक गुण देतात आणि ठरावीक गुणांच्या वरचे फोटो स्वीकारले जातात. त्याला स्वीकृती म्हणतात. वेगवेगळ्या देशांतल्या स्वीकृती साठत गेल्या की एएफआयएपी, ईएफआयएपी असे किताब मिळतात. खऱ्या सलॉनच्या पत्रकावर मान्यता क्रमांक छापलेला असतो. तो संघटनेच्या साइटवर जुळवून पाहा आणि मगच फी भरा.

माझं मत विचाराल तर सुरुवातीला सलॉन ही चांगली शाळा आहे. नियम कडक असतात, आपली चूक कळते. निसर्ग विभागाचंच घ्या. तिथं फोटोत काही घालणं किंवा काढणं चालत नाही, पाळीव जनावर आणि लावलेली झाडंही चालत नाहीत. माझ्या ओळखीच्या एका पोरानं पोळ्याच्या बैलाचा सुंदर फोटो निसर्गात पाठवला आणि तो पहिल्या फेरीतच गेला. फोटोत दोष नव्हता, विभाग चुकला होता. पण किताबाच्या मागं लागून लोक वर्षानुवर्षं एकाच साच्यातले फोटो काढत राहतात. मग धुक्यातली मेंढरं आणि छत्रीवाली म्हातारी यांच्यापलीकडं नजर जात नाही. त्याची मला काळजी वाटते.

विदर्भातला फोटो म्हणजे वाघ. वाघ नाही तर आमच्याकडं दुसरं काय आहे?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागतो.

ताडोबा, पेंच, मेळघाट, नवेगाव-नागझिरा, बोर, टिपेश्वर. देशभरातून लोक हजारो रुपयांच्या जिप्सी करून, लाखांच्या लेन्स घेऊन इथं येतात. त्यांच्याशी तुम्ही त्याच वाघासाठी, त्याच रस्त्यावर स्पर्धा करणार असाल तर हरण्याचीच तयारी ठेवा. परीक्षकांपुढं रस्त्यावरून चालत येणाऱ्या वाघाचे शेकडो फोटो असतात. शिवाय ही गर्दी कुठं जाते ते आपण पाहिलं आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. असल्या फोटोला बक्षीस मिळू नये, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्याकडं जे आहे ते त्या पाहुण्यांना मिळत नाही. त्यांना दोन दिवस असतात, तुम्हाला बारा महिने. मार्च-एप्रिलात पहाटे चारला टॉर्च घेऊन मोहफुलं वेचायला निघालेली घरं. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा होतात त्या जागी, सत्तर-सत्तर पानांचे पुडे मोजणारी मुलं. आषाढातला रोवणा, म्हणजे भाताची लावणी. तलावात डोंगा घेऊन शिरणारे ढिवर बांधव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुका. दिवाळीनंतर गावोगावची मंडई आणि रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटकं, पडद्यामागं मिशी चिकटवणारा नट. पश्चिमेकडं कापूस वेचणी, जिनिंगवर लागलेल्या गाड्यांची रांग, मेळघाटातल्या कोरकूंची होळी, लोणारचं सरोवर. यातली एकेक गोष्ट वर्षभर पुरेल एवढी आहे.

सारस पाहा. राज्यात हा पक्षी आता मुख्यतः आपल्या गोंदिया भागात आणि आसपास उरला आहे. तो धानाच्या बांधीत घरटं करतो आणि शेतकरी त्याच्यासाठी बांधीचा तुकडा सोडून देतात. नुसता सारस कुणीही टिपेल. तो शेतकरी आणि सारस यांची गोष्ट इथं राहणाराच सांगू शकतो. मात्र घरट्याजवळ जाऊ नका आणि जागा कुणाला कळवू नका. भारतातल्या बऱ्याच निसर्ग-स्पर्धा घरट्यावरचे फोटो घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

एकच फोटो पाठवू की मालिका?

एक फोटो लागला तर नशीबही असू शकतं. आठ फोटोंची मालिका पाहिली की परीक्षकाला कळतं, या माणसाची नजर आहे. सोनीच्या व्यावसायिक विभागात पाच ते दहा फोटोंची मालिकाच मागतात. नाव व्यावसायिक असलं तरी तिथं स्टुडिओचं दुकान असावं लागत नाही.

मालिका म्हणजे एकाच कोनातून काढलेले आठ फोटो नव्हेत. माझ्या रोवण्याच्या मालिकेत पहिला फोटो पहाटे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्या राहिलेल्या बायांचा आहे. मग पऱ्ह्यांच्या (भाताच्या रोपांच्या) पेंड्या फेकणारा गडी, मग वाकलेल्या पाठींची रांग. पाचवा फोटो फक्त पायांचा आहे, बोटांमध्ये चिखलानं झालेल्या जखमांना लावलेल्या हळदीचा. आठवा घरी, संध्याकाळी, चुलीपुढं. पाचवा फोटो काढायला मला तीन पावसाळे लागले, कारण आधीची दोन वर्षं माझं लक्ष पाठीच्या रांगेवरच होतं. पाय मला दिसलेच नव्हते.

फोटोखालच्या ओळीत, म्हणजे कॅप्शनमध्ये काय लिहू?

"कष्टकरी महिला" किंवा "जीवन एक संघर्ष" असं लिहू नका. फोटो पाहणाऱ्याला ते दिसतंच आहे. त्याला जे दिसत नाही ते लिहा. माझं त्या पायांच्या फोटोखालचं कॅप्शन असं होतं: "धान रोवणी, जुलै, अर्जुनी मोरगाव तालुका. बाया गुत्त्यानं (ठेक्यानं) काम करतात, दिवसाचे आठ-नऊ तास पाण्यात उभ्या असतात. चिखलानं बोटांमधली कातडी फाटते, त्यावर रात्री हळद आणि तेल लावतात." कोण, कुठं, केव्हा, काय चाललंय. बस्स.

इंग्रजी मागतात म्हणून घाबरू नका. आधी मराठीत नीट लिहा आणि गावातल्या इंग्रजीच्या मास्तरांकडून भाषांतर करून घ्या. तिथं "पऱ्हे", "रोवणा" असे शब्द तसेच ठेवायला सांगा आणि पुढं अर्थ द्या.

एडिटिंग किती चालतं? एआय वापरलं तर?

उजेड, कॉन्ट्रास्ट, थोडं क्रॉप हे बहुतेक ठिकाणी चालतं. निसर्ग आणि वृत्त विभागात विजेची तार पुसणंसुद्धा चालत नाही. एआयनं बनवलेलं चित्र फोटो म्हणून पाठवू नका. २०२३ मध्ये सोनीच्या स्पर्धेत बोरिस एल्डागसेन या जर्मन कलाकाराची प्रतिमा एका विभागात जिंकली. ती एआयची असल्याचं त्यानं स्वतःच सांगितलं आणि बक्षीस नाकारलं. तेव्हापासून सगळीकडं तपासणी वाढली आहे. लबाडी निकालानंतरही बाहेर येते. वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयरचा २००९ चा पहिला फोटो कुंपणावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा होता. तो लांडगा माणसाळलेला असावा असं ठरून २०१० मध्ये पुरस्कार काढून घेतला गेला.

आणि मूळ फाइल जपा. निकालाआधी बऱ्याच स्पर्धा मूळ फाइल मागतात, कॅमेऱ्याची रॉ किंवा मोबाइलची न छेडलेली. माझा तलावातल्या जांभळ्या पाणकोंबडीचा एक फोटो शेवटच्या फेरीत पोचला होता. मेल आला, पाच दिवसांत रॉ फाइल पाठवा. तुळशीचं लग्न होऊन हंगाम सुरू झाला होता. एका वरातीच्या ऐन वेळी कार्ड भरलं म्हणून मी तेच कार्ड फॉरमॅट करून टाकलं होतं. संगणकावर फक्त जेपीजी. त्या रात्री स्टुडिओचं शटर खाली ओढून मी तो मेल किती वेळ बघत बसलो होतो. आता कमाईतला पहिला खर्च हार्ड डिस्कचा. प्रत्येक फाइल दोन ठिकाणी, एक डिस्क दुकानात आणि एक घरी.

स्पर्धेला पाठवला म्हणजे फोटोवरचा माझा हक्क जातो का?

नुसत्या पाठवण्यानं जात नाही. नियमात तुम्ही कशाला होकार देता त्यावर ते आहे. चांगल्या स्पर्धा फोटो प्रदर्शनात, पुस्तकात आणि स्पर्धेच्या प्रसिद्धीसाठी वापरण्याची परवानगी मागतात, तेवढं ठीक. "कायमस्वरूपी, कुठल्याही कारणासाठी, मोबदल्याविना" असे शब्द आले तर थांबा. काही कंपन्या बक्षिसाच्या नावाखाली जाहिरातीसाठी फोटोंचा साठा गोळा करतात.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढणारा हा फोटोचा कर्ता, आणि २०१२ च्या दुरुस्तीपासून फोटोवरचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. पण आपल्यासारख्या ऑर्डरवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. कुणी पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. म्हणजे लग्नातल्या नवरीचा फोटो कितीही सुंदर आला तरी तो त्या घरच्यांच्या संमतीशिवाय स्पर्धेला पाठवू नका. मी ऑर्डर घेतानाच पावतीवर एक ओळ लिहून सही घेतो.

ज्यांचा फोटो काढला त्यांना विचारायचं का?

विचारायचं. मुलांचा असेल तर आईबापांना. भामरागड किंवा मेळघाटात जाऊन कुपोषित लेकराचा, आंघोळ करणाऱ्या बाईचा फोटो काढायचा आणि त्याला "आदिवासी जीवन" नाव द्यायचं, हे बंद झालं पाहिजे. त्यांच्या जागी आपली बहीण असती तर आपण काढला असता का?

यवतमाळ-वर्ध्याकडं आणखी एक साचा तयार झाला आहे: आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या हार घातलेल्या फोटोखाली बायकोला बसवायचं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत थांबायचं. त्या बाईला कितीदा तसं बसावं लागलं असेल. तिनंच नंतर शेत सांभाळलं, कर्ज फेडलं, पोरांना शिकवलं. तो फोटो काढा, आणि तो काढायला वर्षभर तिच्या घरी जावं लागेल.

मी मुलगी आहे. एकटीनं हिंडून फोटो काढायला घरून परवानगी नाही.

ती अडचण खरी आहे, आणि ती सुटेपर्यंत थांबायची गरज नाही. जिथं मला, एका पुरुषाला, कधीच जाता येणार नाही, तिथं तुम्ही रोज असता: न्हाणीघराबाहेरची वेणीफणी, बाळंतिणीची खोली, बचत गटाची बैठक, हळदीच्या रात्री बायकांचीच चालणारी गंमत. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या एका मुलीनं दोन वर्षं फक्त आजीच्या खोलीतले फोटो काढले. माझ्या तीस गावांच्या फिरण्यापेक्षा ते फोटो चांगले आहेत.

गावात राहून नाव होतं का, की मुंबईला जावंच लागतं?

दोन्ही वाटांनी झालं आहे. अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे मुंबईला गेले. तिथल्या सफाई कामगारांचं जगणं त्यांनी वर्षानुवर्षं टिपलं आणि २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दुसरीकडं केकी मूस. ते जवळजवळ पन्नास वर्षं चाळीसगावातल्या आपल्या घरातच राहिले. टेबलावर छोट्या वस्तू मांडून त्यांनी अख्खे देखावे उभे केले आणि घरबसल्या देशविदेशातली अनेक पारितोषिकं मिळवली. तेव्हा प्रिंट टपालानं जात असे. आपल्याकडं निदान टॉवर तरी आहे.

टॉवर आहे, पण रेंज नाही. फाइल जातच नाही, शिवाय फी डॉलरमध्ये.

रात्री अकरानंतर किंवा पहाटे पाठवा, तेव्हा नेट बरं चालतं. अंतिम तारखेच्या आठ दिवस आधी पाठवा. शेवटच्या रात्री साइटच बसते. वेळ पाहताना देश पाहा. लंडनची हिवाळी वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं आहे. तिथं दुपारी बारा म्हणजे इथं संध्याकाळचे साडेपाच. फाइल मागितलेल्या मापातच करा, रंगासाठी एसआरजीबी ठेवा आणि नाव इंग्रजी अक्षरांत द्या, कारण देवनागरी नावाची फाइल काही साइट उघडत नाहीत. डॉलरच्या फीसाठी कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करावा लागतो. बँकेत जाऊन विचारा आणि काम झालं की बंद करा.

प्रदर्शन भरवायचं असेल तर जागा कुठं मिळेल?

नागपुरात सिव्हिल लाइन्सला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचं कलादालन आहे, त्याच भागात चिटणवीस सेंटर आहे, शिवाय जवाहरलाल दर्डा आर्ट गॅलरी आहे. एकट्यानं परवडत नसेल तर तीन-चार जण मिळून घ्या. मुंबईच्या १९५२ च्या जहांगीर कलादालनात गच्चीवरची गॅलरी छायाचित्रांसाठी वापरतात. तिथं अर्ज करावा लागतो, समिती निवड करते आणि नंबर लागायला वर्षं जातात. म्हणून अर्ज लवकर टाकून ठेवा आणि विसरून कामाला लागा. हैदराबादला २०१५ पासून इंडियन फोटो फेस्टिव्हल भरतो. बल्लारशाहून रेल्वेनं सोपं पडतं. निवड झाली नाही तरी एकदा पाहून या. भिंतीवर फोटो कसा लावतात, किती अंतर सोडतात, उजेड कुठून देतात, हे डोळ्यांनीच शिकावं लागतं. ग्रामीण भागातल्या मोठ्या मालिका असतील तर पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) हे संकेतस्थळ आहे. ते मराठीतही प्रसिद्ध करतं.

आणि गावातच?

यावर मी तासभर बोलू शकतो. साईनाथांनी ग्रामीण बायांच्या कामावरचे त्यांचे फोटो एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, कारखान्यांची फाटकं, मजुरांचे मेळावे अशा ठिकाणी नेले. ते समजल्यावर मी ठरवलं, आपल्या मंडईत लावायचे.

बारा बाय अठराचे चोवीस प्रिंट मॅट कागदावर काढले आणि सनबोर्डवर चिकटवले. एक प्रिंट बोर्डासकट दीड-दोनशेच्या घरात पडला. फ्लेक्स वापरला नाही, त्यात कातडीचा रंग मरतो. शाळेच्या कंपाउंडला सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी बोर्ड लटकवले आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून खाली विटा बांधल्या. ग्रामपंचायतीचं एक पत्र घेतलं, विजेसाठी शेजारच्या नाटक मंडळाच्या जनरेटरवरून दोन बल्ब ओढले.

रात्री नऊच्या सुमाराला, नाटक सुरू व्हायच्या आधी, रोवण्याची ती पायांवाली काकू आली. बरोबर दोन सुना. तिनं बराच वेळ फोटोकडं पाहिलं, मग आपली चप्पल काढली आणि फोटोपुढं पाय ठेवून सुनेला म्हणाली, "हा डावा माहाच आहे ना वं?" आजूबाजूला माणसं जमली. प्रत्येक जण आपापले पाय दाखवू लागला. त्या रात्री मला तीन नवी घरं मिळाली, जिथं पुढच्या वर्षी फोटो काढायला बोलावलं गेलं. त्या प्रदर्शनाचे मी काढलेले फोटो पुढं एका राष्ट्रीय प्रदर्शनाच्या अर्जाला जोडले आणि मुलाखतीत परीक्षकांनी सगळ्यात जास्त त्याबद्दलच विचारलं.

निवड झाली. आता?

मेल जपून ठेवा, स्क्रीनशॉटही. मूळ फाइल त्याच दिवशी पाठवा. तालुक्याच्या वार्ताहराला चार ओळींची बातमी, फोटो आणि तुमचा फोन द्या. जागा असली तर छापतात. एका वहीत तारीख, स्पर्धेचं नाव, फोटोचं नाव आणि निकाल लिहा, कारण पुढचा प्रत्येक अर्ज हीच यादी मागतो. आणि ज्यांचा फोटो लागला त्यांना एक चांगला प्रिंट फ्रेम करून घरी नेऊन द्या. काकूच्या घरी तो देवघराशेजारी लावला आहे. खिळा माझ्याकडूनच ठोकून घेतला.